मागल्या दाराशी लाकडं

करंजखार, ता. पनवेल
१२ जून २०२५, गुरुवार

भामा,

आज सकाळी खांदा कॉलनीतल्या दवाखान्यात जाऊन भुवईवरचे टाके काढले. तीन होते. येताना रिक्षा मिळाली नाही, फाट्यापासून चालत आले. पाऊस नव्हता. अंगणवाडीत अकरा मुलं आली होती. दुपारी मोनालीचं कपाट रिकामं केलं. कल्पेश ट्रेलर घेऊन बंदरावर गेला आहे, उद्या येईल.

टाक्यांबद्दल तुला दोष देत नाही. दहाव्याला खाडीवर तू तांब्या मारलास तेव्हा मी हात वर केला नाही, हे तू बघितलंस. माझी भावजय असली तरी तुझी बहीण गेली आहे. चौघींनी धरलं नसतं तर तू आणखी मारलं असतंस, तेही मला कळतं. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मी म्हटलं, घसरले. पावसाचे दिवस आहेत, त्यांनी पुढे विचारलं नाही.

मारताना तू एकच गोष्ट विचारत होतीस. "मागलं दार का नाय उघडलं? बोल ना, मागलं दार का नाय उघडलं?" आमच्या परड्यापलीकडे राहणाऱ्या गुणाबाईने तुला काहीतरी सांगितलं असणार. मोनाली तिच्याकडे जाऊन बसायची, हे खरं आहे.

त्या प्रश्नासाठी हे पत्र नाही. मोनालीच्या वस्तू पाठवते आहे म्हणून लिहिते आहे. सहा साड्या, दोन गाऊन, चांदीची जोडवी, शाळेचा दाखला आणि फोन. फोनची काच फुटलेली आहे.

२६ मेला काय झालं ते मी पोलिसांना सांगितलं आहे. तुलाही सांगते. पहाटेपासून पाऊस होता. आजूबाजूच्या जमिनींवर भराव झाल्यापासून गावातलं पाणी खाडीत जात नाही, ते घरात येतं. फरशी ओली होती. दुपारी अडीचच्या सुमारास मोनाली चुलीकडून मोरीकडे जाताना पाय घसरून पडली. डोकं पाट्याच्या दगडावर आपटलं. पनवेलला नेईपर्यंत संपली होती.

यंदा कुठल्याच घरात आगोट नीट भरता आली नाही. चार महिन्यांची सुकी मासळी, लाकडं, शेणी, पापड, सगळं मे महिन्यात वाळवून आत घ्यायचं असतं. यंदा मे महिनाच मिळाला नाही. सगळ्यांच्या घरात ओल होती. सगळ्यांच्या घरात कोणी ना कोणी घसरलं असेल.

आईंना नमस्कार सांग. ऐकतील तर.

वेणू


करंजखार
१३ जुलै, रविवार

भामा,

आज सुट्टी. सकाळी पाऊस, दुपारी ऊन. माळ्यावरची गोधडी खाली काढली, तिला बुरशी आली होती. धुतली. कल्पेश झोपला आहे.

वस्तू मिळाल्या हे तुझ्या फोनवरून कळलं. तू जे बोललीस ते मला पाठ झालं आहे. "माजी बहीन मेली आनि तुमी मना हजेरी लिवून पाठवता. अकरा पोरं आली. अकरा पोरं आली तं मी काय नाचू?" मी म्हटलं, भामा, मला फोनवर बोलता येत नाही. तू म्हणालीस, "त्या दिवशी पन नाय आलं ना बोलता? तोंडात काय बोंबील धरलावता?" आणि फोन ठेवलास. नंतर लावला तर लागत नाही.

मला बोलता येत नाही हे खरं आहे. वीस वर्षं अंगणवाडीत रजिस्टर लिहिते आहे. तारीख, संख्या, शेरा. तेवढंच जमतं. तर तसंच लिहिते.

कल्पेश मोनालीला मारत होता. तुला हे माहीत आहे. पण मी ते कधी मान्य केलं नव्हतं, तुझ्या आईने विचारलं तेव्हाही नाही, म्हणून इथे लिहिते. तो दारू पीत नाही. प्यायला असता तर दारूचं नाव सांगता आलं असतं. तो शुद्धीत मारायचा. आमचे वडील आईला असेच मारायचे आणि आम्ही दोघं खळ्यात जाऊन बसायचो. मी अकरा वर्षांची, तो तीन. मी त्याचे कान धरून ठेवायचे.

७ मे, बुधवार. संध्याकाळी पाच वाजता वादळ आलं. त्या दिवशी खळ्यात दोन जाळ्यांवर जवळा होता, भिंतीला शेणी, दोरीवर कपडे, आणि वर्षाची सगळी लाकडं उघड्यावर. लाकडं आम्ही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झाकतो, मृगाच्या आधी. माझ्या आईने तसंच केलं, तिच्या सासूने तसंच केलं. मोनाली दोन दिवस आधी म्हणाली होती, "ताय, आबाल बघ. झाकून टाकू." मी म्हटलं, आत्ताच झाकलीस तर आतून कुजतील. घरातली मोठी मी. तिने झाकली नाहीत.

ताडपत्री काढेपर्यंत सगळं भिजलं. मोनाली जवळ्याची जाळी छातीशी धरून धावली, तिच्या केसांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. "पावसाचं नाव तुज्या अंगनवाडीत घाल ताय, म्हंजे येलेवर यायला शिकंल."

कल्पेश सात वाजता आला. दोन्ही युनिफॉर्म ओले. त्याला पहाटे निघायचं होतं. त्याने जवळ्याची ओली टोपली उचलली आणि तिच्या डोक्यावर उपडी केली. मग टोपलीवरून मारलं. बांबूच्या कांबी मोडून तिच्या कानामागे घुसल्या. मी त्या चिमट्याने काढल्या. सात होत्या. चार दिवस तिच्या केसांचा वास गेला नाही, कारण धुवायला पाणी नव्हतं.

ते तुला खोटं वाटेल. पाऊस पडत होता आणि पाणी नव्हतं. नळ बंद, विहिरीत चिखल. टँकर यायचा, त्यावर शंभर बायका. १२ तारखेला तिथे मारामारी झाली. कोणीतरी हंड्याची कड मोनालीच्या गळ्याच्या हाडावर मारली. मोनालीने आपला हंडा फिरवून त्या बाईचा ओठ फोडला आणि दोन हंडे भरूनच घरी आली. तिच्या गळ्याशी काळंनिळं झालं होतं. कल्पेशने ते बघितलं आणि विचारलं, "गावात कोनाशी मारामारी केलीस?" त्या दिवशी त्याने तिथेच मारलं, त्याच हाडावर.

आणखी एक. १५ मेला मी स्वतः तिला मारलं. चुलीतली ओली लाकडं पेटत नव्हती, घरभर धूर, माझे डोळे चुरचुरत होते. ती फुंकणी टाकून उठली आणि म्हणाली, "तुमीच फुका आता, तुमचीच फाटी हाय." मी हातातलं जळकं लाकूड तिच्या मनगटावर मारलं. फोड आला. फोडाला मीच मलम लावलं. त्या दिवशी ती मागल्या दाराने गुणाबाईकडे गेली आणि अंधार पडल्यावर आली.

म्हणजे ती कल्पेशपासूनच पळायची असं नाही.

वेणू


करंजखार
३० ऑगस्ट, शनिवार

भामा,

आज अंगणवाडीत पोषण आहाराचं वाटप झालं. सतरा गर्भवती, नऊ स्तनदा माता. घरी यायला तीन वाजले. या वर्षी गणपती आणला नाही. गल्लीतल्या आरत्या ऐकू येतात.

तुझं उत्तर नाही. उत्तर येईल म्हणून लिहीत नाही.

एक गोष्ट तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी सांगावी असं वाटलं. कल्पेशचं लग्न ठरतं आहे. भावकीतली माणसं म्हणतात, वर्षाच्या आत उरकून टाका. मुलगी पेणकडची आहे, सव्वीस वर्षांची, पहिलं लग्न मोडलेलं. गेल्या रविवारी ती आणि तिची आई घर बघून गेल्या. तुळशीचं लग्न झालं की २३ नोव्हेंबरची तारीख धरली आहे.

मी पोहे केले होते. मुलीच्या आईने कल्पेशला विचारलं, "पयली कशानं गेली?" कल्पेशने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घसरून पडली. मुलगी खाली फरशीकडे बघून म्हणाली, "मंग ही लादी बदलून घ्या बाय, मी तं चालताना बघत पन नाय." सगळे हसले. कल्पेशही हसला. तो हसला की चांगला दिसतो, तुला माहीत आहे. मोनालीलाही तसाच आवडला होता.

ती मुलगी पोह्यांच्या बशा स्वतः मोरीत घेऊन गेली आणि धुऊन आली. मी नको म्हणत होते.

त्या गेल्यावर मी २०२३ चं रजिस्टर काढलं. त्या वर्षी ऑगस्टभर पाऊसच आला नाही, आठवतं का? भाजीचे वाफे सुकले होते आणि बायका विहिरीवरून कळश्या वाहून घालत होत्या. मोनालीला तिसरा महिना होता. तिचं नाव गर्भवतींच्या यादीत मीच घातलं होतं. ती कल्पेशला म्हणाली, "मना जड उचलायला नको सांगितलंय, तायला विचार." कल्पेशने मला विचारलं नाही. त्याने तिच्या पोटात लाथ मारली. भिंतीला टेकून उभी होती, त्यामुळे तिला मागे सरकताही आलं नाही. रक्त चुलीपर्यंत आलं. मी पोत्याने पुसलं.

रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे: 'पाय घसरून पडल्याने गर्भपात.' माझं अक्षर आहे. सुवाच्य आहे. वर साहेबांनी बरोबरची खूण केली आहे.

तुम्हाला आम्ही तेव्हा हेच सांगितलं होतं. तुझी आई मेथीचे लाडू घेऊन आली होती. मोनालीने ते खाल्ले. ती माझ्याकडे बघत होती. मी काय सांगते ते बघत होती.

मी ते पान फाडलेलं नाही. फाडणार नाही. पण त्याचं काय करायचं ते अजून ठरत नाही. हे घर कल्पेशचं आहे. नवरा गेल्यापासून मी इथे राहते. तो मला बाहेर काढेल याची भीती आहे, पण तेवढंच नाही. मी त्याला वाढवला आहे. हे तुझ्यासमोर लिहिण्यासारखं नाही, तरी लिहिलं.

वेणू


करंजखार
२६ ऑक्टोबर, रविवार

भामा,

परवापासून पाऊस. दिवाळी झाली तरी पाऊस. कापलेलं भात शेतात तरंगतं आहे. मी डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर वाचता आलं नाही तर थांबून वाच. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये आहे.

काल दुपारी कल्पेश जेवून उठला आणि म्हणाला, "ताय, फाटी आत घे. भिजतात. मागल्या दाराला रच, तिथं कोरडी राहते."

मी म्हटलं, तिथे नाही.

"का?"

"तिथे दार आहे."

"दार हाय ते मना पन म्हाईत हाय. त्या दाराचं काम काय आता?"

मी म्हटलं, नवी मुलगी येणार आहे, तिला लागेल.

तो हसला. रागावला नाही, हसला. म्हणाला, "बायको नांदवायची तं मागलं दार बंद पायजे. मे महिन्यात तूच तं बंद केलंस. मी कोनाला बोललो का? तू माजं झाकलंस, मी तुजं झाकलं."

मी उठून लाकडं उचलली आणि बाहेर खळ्यात टाकायला लागले, पावसात. त्याने माझं मनगट धरून उलटं वळवलं. आवाज मला ऐकू आला. मग तो घाबरला आणि स्वतःच मला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. तिथे त्यानेच सांगितलं, "घसरली."

पाच महिने मी समजत होते की मी त्याचं झाकते आहे. त्याला वाटत होतं, मी दार त्याच्यासाठी बंद केलं.

आता तू जे विचारलंस ते.

मोनाली मार चुकवायला मागल्या दाराने पळायची. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मे महिन्यात ते दार दिवसभर उघडं असतं, वाळवणाचं काम खळ्यात आणि परड्यात चालतं, आत-बाहेर चालू असतं. कल्पेश ओरडायला लागला की ती हातातलं टाकून परड्यातून गुणाबाईच्या ओट्यावर जायची. गुणाबाई दारात बसलेली असायची. तिच्यासमोर कल्पेश जात नसे.

लाकडं भिजल्यावर ती ठेवायला घरात एकच कोरडी जागा होती. मागल्या दाराची भिंत. तिथे चुलीची ऊब पोचते. ते दार आत उघडतं. मोनाली म्हणाली, "ताय, दाराला नको गो रचू." मी म्हटलं, वाळेपर्यंतच. ती म्हणाली, "फाटी वाळंल, पन मी?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. मी ऐकलं होतं.

कमरेपर्यंत लाकडं रचली. ती रोज दाराकडच्या टोकाची लाकडं आधी जाळायची, म्हणजे दार मोकळं होईल. पण त्या टोकाची लाकडं सगळ्यांत ओली. चुलीकडच्या टोकाची आधी जाळायची, हे लहान पोरीलाही कळतं. घरात धूर होत होता. २६ तारखेला सकाळी मी बघितलं तर दारासमोर हातभर जागा मोकळी झाली होती. दार अर्धं उघडलं असतं. मी तिला बोलले आणि रास पुन्हा नीट रचली. दाराच्या कडीपर्यंत. माझ्या आईने रचली असती तशी.

दुपारी कल्पेश आला. दोन दिवस गाडी पाण्यात अडकली होती, तो उपाशी होता. आंघोळीचं पाणी तापलं नव्हतं, चूल जेमतेम भातापुरती पेटली होती. गॅस चार दिवसांपूर्वी संपला होता, सिलेंडरची गाडी गावात येऊ शकत नव्हती. तो हंड्यात हात घालून म्हणाला, "हे पानी हाय का मुतासारखं कोमट?" मोनाली म्हणाली, "फाटी पेटत नाय तं मी काय माजे हात जाळू?"

पहिला फटका तिने चुकवला. ती मागल्या दाराकडे धावली. भामा, तिने लाकडं उपसायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी. चार-पाच लाकडं काढली, एक माझ्या पायावर पडलं. ती मला हाक मारत होती. "ताय, काढ. ताय, काढ गो."

मी चुलीपुढे होते. चुलीवर भात होता, उतू जात होता. मी भाताचं टोप उतरवलं.

त्याने तिचे केस धरले आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. दोनदा. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा ती बोलत होती, मध्येच थांबली. मग सोडलं. ती खाली पाट्यावर पडली.

ती लगेच गेली नाही. थोडा वेळ श्वास होता. कल्पेश मोरीच्या कठड्यावर बसून राहिला. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या नखांत लाकडाच्या साली होत्या, एका नखाखाली कुसळ पार आत गेलं होतं. कोणाला हाक मारण्याआधी मी माझ्या केसांतला आकडा काढून तिची नखं साफ केली. एक एक. दहाही. ते मी का केलं, हे मला तेव्हा कळत होतं. मी फरशीवर पाणी ओतलं आणि लाकडं परत रचली. हे सगळं झाल्यावर मी ओरडले.

पोलिसांत जाणार आहे. आधी तुला सांगायचं होतं. मंगळवारी ४ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता पनवेलला पोलीस स्टेशनला असेन. त्याआधी कल्पेश सुट्टीवर घरी आहे, निघता येणार नाही. तो सोमवारी गाडीवर जाईल. तू आलीस तर ये. नाही आलीस तरी मी जाईन.

वेणू


करंजखार
६ नोव्हेंबर, गुरुवार

भामा,

काल पोलिसांनी कल्पेशला बंदरावरून आणलं. घरी आणून जागा दाखवायला लावली, पंचनामा केला, मग घेऊन गेले. दाराची चौकट मोजली. जाताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताय, जेवन झाकून ठेव." त्याला अजून वाटतं की मी दोन दिवसांत माझं बोलणं मागे घेईन. आज मला कोर्टात मॅजिस्ट्रेट साहेबांसमोर जबाब द्यायला बोलावलं होतं. जाऊन आले.

परवा तू पोलीस स्टेशनच्या बाकावर बसली होतीस, मी आत गेले तेव्हा आणि तीन तासांनी बाहेर आले तेव्हाही. मी जबाबाचा कागद तुला दाखवला. तू उभ्याने वाचलास. मला वाटलं, मारशील. तू म्हणालीस, "तुमाला पन आत टाकलं पायजे." मी म्हटलं, हो, तेही लिहिलं आहे. लाकडं मी रचली, नखं मी साफ केली, खोटा जबाब मी दिला. २०२३ चं रजिस्टरही दिलं. तू पुन्हा कागद वाचलास आणि विचारलंस, "ताय काढ, असं बोलली ती?" मी म्हटलं, हो. "किती येला?" मी म्हटलं, मोजलं नाही.

तू बाहेर जाऊन वडापावच्या गाडीशेजारी गटारात ओकलीस. मी जवळ आले तर हात झटकलास. पाण्याची बाटली घेतलीस मात्र. मग उरणच्या एसटीत बसून गेलीस. खिडकीतून तू बघितलं नाहीस. बघायला हवं होतंस असं म्हणत नाही.

माझं काय होणार ते ठरलेलं नाही. बोलावतील तेव्हा यायचं, पनवेलबाहेर जायचं नाही, असं सांगितलं आहे. अंगणवाडीतून रजेवर राहायला सांगितलं. चावी मदतनीस बाईकडे दिली.

भावकीतल्या बायका बोलत नाहीत. काल पाण्यावर एकीने माझा हंडा लाथेने उडवला आणि म्हणाली, "भावाला खाल्लास." गुणाबाईने तो उचलून आणला. हंडा आमच्या ओट्यावर ठेवला आणि गेली.

पेणच्या मुलीला मी स्वतः फोन केला. सगळं सांगितलं. तिची आई मला शिव्या देत होती, आमची अब्रू घालवलीस म्हणून. मग मुलीने फोन घेतला. म्हणाली, "बाय, तुमी एकट्या हाव का घरात?" मी हो म्हटलं. "कडी लावून घ्या मंग," म्हणाली, आणि ठेवला.

मोनालीचं दहावं खाडीवर केलं तेव्हा पावसामुळे कावळा आला नाही, दर्भाचा करावा लागला. तेव्हा तुझी आई मला म्हणाली होती, हिचं काहीतरी राहिलंय. त्यांना सांग, जे मला माहीत होतं ते सगळं आता लिहून दिलं आहे. दुसरं माझ्याकडे काही नाही.

तू मला क्षमा करावीस म्हणून हे लिहिलं नाही. यापुढे लिहिणार नाही. खटल्यात बोलावतील तेव्हा भेट होईल.

कोर्टातून चारला घरी आले. पाऊस थांबला आहे, पण रस्त्याला गुडघाभर चिखल होता. पायरीवर बसून डाव्या हाताने चपलांचा चिखल काडीने खरवडून काढला. एका चपलेचा अंगठा निघाला होता, तो सेफ्टी पिन लावून बसवला. मग दोन्ही चपला धुतल्या आणि भिंतीला उभ्या करून ठेवल्या.

वेणू